सैतान : हुद्दा, नाव आणि आरोप

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला जिन्यात गाठलं आणि थेट विचारलं, "सर, सैतान खरंच असतो का?" आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला असे प्रश्न फार आवडतात, कारण उत्तर न देता तासभर बोलता येतं. (हशा) पण आम्ही त्याला उलट विचारलं, "तू म्हणतोस तो कुणाचा सैतान?" कारण हा शब्द दर घरी वेगळा अर्थ घेऊन राहतो. आज त्या शब्दाचा इतिहास पाहू. सैतान असतो की नसतो हा वाद शतकानुशतकं चालू आहे. पण त्याच्या नावावर ज्यांचं नुकसान व्हायचं, ते निकालाची वाट पाहत थांबलेलं नाही.

सुरुवात घरापासून करू. आम्ही तळकोकणातले. आमच्याकडे, आणि पुढे गोव्यातही, देवचार असतो. तो गावाचा राखणदार. रात्री शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो, अशी श्रद्धा. त्याला राखण द्यायची, रोट ठेवायचा, कुणी विडी ठेवतं. त्याचा धाक असतो, पण तो आपला. आता गोव्यातल्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी जा. त्याच्या कोकणीत देवचार म्हणजे सैतान. पोर्तुगीज अमलात मिशनऱ्यांनी आपला धर्म इथल्या भाषेत सांगायला घेतला, तेव्हा त्यांना एक शब्द हवा होता आणि तो शिवेवर उभाच होता. एकच गाव, एकच शब्द. एका घरी राखणदार, दुसऱ्या घरी सैतान. यात कुणाला दोष द्यायचा नाही. दुसऱ्याच्या देवाला खालच्या पायरीवर बसवणं ही माणसाची फार जुनी सवय आहे.

किती जुनी? संस्कृतातला देव हा शब्द इराणच्या अवेस्तात दएव होतो, आणि तिथे त्याचा अर्थ दुष्ट शक्ती. उलट आपला असुर तिथे अहुर, म्हणजे प्रत्यक्ष परमेश्वर, अहुर मज्द. गंमत अशी की ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणालाही असुर म्हटलंय, तेही आदराने. दोन भावंडं वेगळी झाली आणि एकाचा देव तो दुसऱ्याचा राक्षस झाला.

आता मूळ सैतानाकडे येऊ. मराठीत हा शब्द अरबी-फारसीतून आला, पण त्याचं नातं हिब्रूतल्या 'सातान'शी आहे. आणि हिब्रूत सातान हे मुळात कुणाचं नाव नाहीच. आडवा येणारा, विरोध करणारा, न्यायसभेत समोर उभा राहून आरोप करणारा, असा त्याचा साधा अर्थ. बायबलच्या गणना या ग्रंथात बलाम गाढवीवर बसून निघतो, तेव्हा परमेश्वराचा दूतच त्याच्या वाटेत सातान होऊन उभा राहतो. म्हणजे देवदूतही सातान होऊ शकत होता! ईयोबाच्या ग्रंथात या शब्दाला उपपद लागलेलं आहे, आणि हिब्रूत व्यक्तीच्या नावाला उपपद लागत नाही. म्हणजे हा हुद्दा झाला, जसा तलाठी किंवा सरकारी वकील. तो देवाच्या दरबारात येतो आणि विचारतो, हा ईयोब एवढा भक्त आहे तो काही फायदा नसताना आहे का? प्रश्न खोडसाळ असेल, पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला वाटावं की प्रश्न चांगला आहे. पुढे जे तो करतो, ते देवाच्या परवानगीने करतो.

मग हुद्द्याचं नाव कसं झालं? त्याची एक खूण ग्रंथातच सापडते. दावीद राजाने लोकांची शिरगणती केली आणि ते पाप ठरलं. ही बुद्धी त्याला कुणी दिली? शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथात उत्तर आहे, कोपलेल्या परमेश्वराने. तीच गोष्ट नंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात येते, तेव्हा उत्तर बदलतं. तिथे प्रवृत्त करणारा सातान आहे, आणि उपपद गळून पडलंय. मधल्या काळात इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडलं, लोक बाबिलोनला नेले गेले, पुढे इ.स.पू. ५३९ मध्ये कुरूशाने बाबिलोन जिंकलं आणि यहुदी इराणी साम्राज्याचे प्रजाजन झाले. इराण्यांच्या धर्मात अहुर मज्दाच्या विरोधात अंग्र मइन्यु उभा होता. यहुद्यांनी तिथून किती घेतलं यावर विद्वानांत एकमत नाही. पण गरज कळते. इतकं सोसल्यावर हे सगळं आपल्याच देवाने केलं, असं म्हणणं जड जातं.

पुढे अलेक्झांड्रियात या ग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं. तिथे सातानसाठी 'दियाबोलोस' शब्द आला, म्हणजे निंदा करणारा, चुगलखोर. इंग्रजी डेव्हिल त्यातूनच आला. उत्पत्तीच्या ग्रंथातला साप हा नुसता साप आहे. कुणी त्याला सैतान म्हटलेलं नाही. साप, दियाबोलोस आणि सातान हे एकच, असं बायबलच्या अगदी शेवटच्या ग्रंथात, प्रकटीकरणात सांगितलं जातं. आणि तिथेच त्याचं जुनं कामही आठवणीने नोंदवलंय : रात्रंदिवस आरोप करणारा. हे वर्णन लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

इस्लाममध्ये इब्लीस आदमसमोर झुकायला नकार देतो. मी आगीतून घडलो, हा मातीतून, असा त्याचा युक्तिवाद. जन्मावरून स्वतःला श्रेष्ठ समजणं हे त्याचं पाप. आपल्या देशात या गोष्टीवर जरा थांबून विचार करायला हरकत नाही. पण सूफींमध्ये वेगळा आवाजही उठला. मन्सूर हल्लाज, ज्याला ९२२ साली बगदादमध्ये ठार केलं, त्याने इब्लीसमध्ये असा प्रेमिक पाहिला, जो देवाशिवाय दुसऱ्या कुणापुढे झुकूच शकत नव्हता. एकाच गोष्टीत एकाला अहंकार दिसला, दुसऱ्याला निष्ठा.

इथपर्यंत हा कल्पनांचा इतिहास झाला. आता माणसांचा.

उत्तर इराकमध्ये यझिदी नावाचा छोटा समाज आहे. ते मेलेक ताऊस या मोररूपी देवदूताला सर्वश्रेष्ठ मानतात. सैतान हा शब्द ते तोंडानेही उच्चारत नाहीत. पण त्यांचा देवदूत म्हणजे इब्लीसच, असं शेजाऱ्यांनी ठरवलं आणि शतकानुशतकं त्यांना सैतानाचे पूजक म्हटलं. ३ ऑगस्ट २०१४ रोजी इस्लामिक स्टेटने सिंजारवर हल्ला केला. हजारो माणसं मारली, हजारो स्त्रिया आणि मुलं गुलाम केली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये त्याला वंशसंहार म्हटलं. तो जुना आरोप मारेकऱ्यांच्या हाती तयार सापडला होता.

युरोपने यापेक्षा वेगळं काही केलं नाही. साधारण १४५० ते १७५० या काळात चेटकीण म्हणून मारल्या गेलेल्यांची संख्या इतिहासकार चाळीस ते साठ हजार धरतात. बहुतेक स्त्रिया. आरोप असा की हिने सैतानाशी करार केला. फ्रीडरिख श्पे हा जेझुइट पाद्री. त्याने १६३१ मध्ये स्वतःचं नाव न घालता एक पुस्तक छापलं. तो सैतान नाकारत नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की छळ केला तर कुणीही काहीही कबूल करेल, आणि पुढची नावंही देईल. म्हणजे चेटकिणी सैतान तयार करत नव्हता, चौकशी करत होती.

आता पुन्हा आमच्या गावी. आम्ही नऊ-दहा वर्षांचे असू. खालच्या वाडीत एक विधवा काकी एकटी राहायची. एका वर्षी कुणाच्या तरी गाईचं दूध आटलं, आणि तिने काहीतरी केलं अशी कुजबुज सुरू झाली. एकदा तिने आम्हाला हाक मारून पानावर फणसाचे गरे दिले. घरी येताच आईने विचारलं, कुणी दिले? आम्ही सांगितलं. आई म्हणाली, कुंपणाबाहेर टाकून ये, नि हात धू. आम्ही टाकले. वळून पाहिलं तर काकी आपल्या खळ्यात उभी राहून बघत होती. पुढच्या पावसाळ्याआधी ती गाव सोडून गेली. कुठे, ते कुणी विचारलं नाही. आमची आई वाईट बाई नव्हती. शेजारीही वाईट नव्हते. तेच लोक देवचाराला भक्तिभावाने रोट ठेवत होते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. त्याची अनुसूची आम्ही वाचली. अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवतो, असं पसरवून त्याचं जगणं कठीण करणं हा गुन्हा आहे. एखाद्याला सैतान किंवा सैतानाचा अवतार म्हणून जाहीर करणं हाही गुन्हा आहे. दूध आटवण्याचा उल्लेख वाचून आम्ही बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नाही.

हा कायदा सैतान असतो की नाही यावर काही बोलत नाही. तो फक्त बोट दाखवणाऱ्याचा हात धरतो. आणि म्हणून तो हिब्रूतल्या त्या जुन्या अर्थाच्या फार जवळ जातो. सातान म्हणजे आरोप करणारा. काकीच्या गोष्टीत सातान शोधायचा तर तो खालच्या वाडीत नव्हता. तो वरच्या वाडीत, कुंपणाच्या अलीकडे होता, आणि त्याच्या हातात गरे होते.

तेव्हा त्या तरुण मित्राला आमचं उत्तर असं : बाबा रे, तो आहे की नाही हे आम्हाला सांगता येणार नाही. पण त्याचा हुद्दा अजून रिकामा झालेला नाही. कुणी कुणाला सैतान म्हणताना ऐकलंस, तर ज्याच्याकडे बोट आहे त्याच्याकडे नंतर बघ. आधी बोट कुणाचं ते बघ. आणि कधी ते आपलंच निघालं, तर वेळेत खाली घे. आम्हाला ते जमलं नव्हतं.