प्रूस्तला स्पॅनिशमध्ये आणणारे चौघे

१/ फ्रेंच साहित्यकृती स्पॅनिशमध्ये आणायची, तर अनुवादक कसा शोधावा? दोन्ही भाषा रोमान्स कुळातल्या, सख्ख्या बहिणी. मग काम सोपेच असेल, असे वाटते. मार्सेल प्रूस्तच्या सात खंडी कादंबरीचा स्पॅनिश प्रवास मात्र वेगळेच सांगतो. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/ पहिला खंड १९१३ साली पॅरिसमध्ये ग्रासे प्रकाशनाने काढला, तोही लेखकाच्या पदरच्या पैशाने. डिसेंबर १९१९ मध्ये दुसऱ्या खंडाला गोंकूर पुरस्कार मिळाला आणि प्रूस्तचे नाव सर्वतोमुखी झाले.

३/ लगेच १९२० साली माद्रिदच्या काल्पे प्रकाशनाने पहिला खंड स्पॅनिशमध्ये आणला. प्रूस्तचा परभाषेतील हा पहिला अनुवाद मानला जातो. इंग्रजी अनुवादाला १९२२ साल उजाडावे लागले.

४/ अनुवादक होते पेद्रो सालिनास, वय २९ च्या आतबाहेर. १९१४ ते १९१७ या युद्धकाळात त्यांनी सोरबोनमध्ये स्पॅनिश शिकवले होते. पुढे ते स्पेनचे श्रेष्ठ प्रेमकवी ठरले. पण तेव्हा त्यांचा पहिला कवितासंग्रहही निघाला नव्हता. प्रूस्तची पानभर पसरणारी वाक्ये पेलायला कवीचाच कान लाभला.

५/ अडचण शीर्षकापासूनच होती. फ्रेंच शीर्षकातील ‘कोते’ म्हणजे बाजू, दिशा. कादंबरीतील गावाहून फिरायला जाण्याच्या दोन दिशा आहेत : एक स्वानची, दुसरी गेर्मांतची. सालिनास यांनी ‘कामिनो’, म्हणजे वाट, हा शब्द घेतला. तो कानाला गोड लागतो.

६/ पण तिसऱ्या खंडाच्या शीर्षकात ‘मुंदो’, म्हणजे जग, आले. मूळ शीर्षकांत एकच शब्द दोन्हीकडे असल्याने जुळणारी जोडी स्पॅनिशमध्ये तुटली. अलीकडच्या काही अनुवादकांनी ‘पार्ते’ हा शब्द योजून ती पुन्हा सांधली आहे. सोयीचा शब्द आणि रचनेशी इमान राखणारा शब्द नेहमी एकच असतो असे नाही.

७/ १९३१ च्या सुमारास आलेल्या तिसऱ्या खंडात सालिनास यांचे सहकारी होते होसे मारिया किरोगा प्ला, विचारवंत उनामुनो यांचे जावई. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले. सालिनास अमेरिकेत गेले आणि १९५१ साली बोस्टनमध्ये वारले. किरोगा प्ला यांचा अंत १९५५ साली जिनिव्हात झाला. मायदेशी कोणीच परतले नाही.

८/ अपुरे काम समुद्रापार पूर्ण झाले. चाळीसच्या दशकात ब्युनोस आयर्सच्या सान्तियागो रुएदा प्रकाशनासाठी मार्सेलो मेनाशे यांनी उरलेले खंड अनुवादिले.

९/ माद्रिदमध्ये तो मान कोन्सुएलो बेर्गेस यांना मिळाला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आलिआन्सा प्रकाशनाने सालिनास व किरोगा प्ला यांचे जुने खंड पुन्हा छापले. शेवटचे चार बेर्गेस यांचे. १९२० ला माद्रिदमध्ये सुरू झालेले काम तिथेच पुरे व्हायला जवळजवळ अर्धशतक लागले.

१०/ स्तांदालच्या अनुवादांसाठीही ख्यात असलेल्या बेर्गेस यांच्या नावाची संस्था फ्रेंच-स्पॅनिश अनुवादाला ‘स्तांदाल पुरस्कार’ देत आली आहे. एका अनुवादिकेच्या नावाने पुढच्या अनुवादकांचा शोध!

११/ गमावलेल्या काळाच्या शोधाची ही कादंबरी. स्पॅनिश वाचकाला ती मिळाली एका कवीमुळे, दोन निर्वासनांनंतर आणि दोन खंडांच्या श्रमांतून. पुढच्या वेळी अनुवादित पुस्तक हाती घ्याल, तेव्हा लेखकाच्या नावाखालचे ते बारीक अक्षरांतले नावही अवश्य वाचा.