मूत्रपिंडांतील प्लॅटिनमचा नकाशा

प्लॅटिनम हा धातु आपणांस दागिन्यांवरून परिचित आहे. तो गंजत नाहीं, काळवंडत नाहीं व साध्या अम्लांस दाद देत नाहीं. असा हा अलिप्त धातु कर्करोगावरील औषधांत शिरला, तेव्हां त्यानें रोगास हटविलें, पण त्याबरोबर मूत्रपिंडांसहि इजा केली. ही इजा नेमकी कोठें होते हें मनुष्यानें कसें शोधलें, त्याचा हा इतिहास आहे.

१८४५ च्या सुमारास मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञानें प्लॅटिनम, क्लोरीन व अमोनिया यांचें एक पिवळें संयुग तयार केलें. १८९३ सालीं आल्फ्रेड वेर्नर यांनीं त्याची घडण उलगडली. परंतु औषध म्हणून त्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें अमेरिकेंतील मिशिगन स्टेट विद्यापीठांत बार्नेट रोझेनबर्ग हे विजेच्या प्रवाहाचा जंतूंवर काय परिणाम होतो, हें तपाशीत होते. त्या प्रयोगांत जंतूंचें विभाजन थांबलें व ते दोऱ्यांसारखे लांबत गेले. हें काम विजेचें नव्हतें. प्रवाह सोडणाऱ्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रवांत उतरलेल्या संयुगांचें होतें. १९६५ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला आणि १९६९ सालीं उंदरांच्या गांठींवर त्याचा गुण दिसून आला. पेरोने यांचें जुनें संयुग ‘सिस्प्लॅटिन’ या नांवानें रुग्णालयांत पोहोंचलें.

परंतु आरंभींच्या कित्येक रुग्णांचीं मूत्रपिंडें बिघडूं लागलीं, व औषध टाकून द्यावें कीं काय, असा प्रश्न उभा राहिला. तोडगा निघाला तो अगदीं साधा: शिरेवाटे भरपूर मिठाचें पाणी देऊन लघवीचा ओघ वाढविणें. या उपायानें औषध तगलें. डिसेंबर १९७८ मध्यें अमेरिकन सरकारनें वृषण व अंडाशय यांच्या कर्करोगांसाठीं त्यास मान्यता दिली.

इजा कमी झाली, तरी ती संपली नाहीं. हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें पांचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, आणि तेथील सूक्ष्म नलिकांच्या पेशी हें औषध स्वतःच आंत ओढून घेतात. हा धातु मोजावयाचा, तर मूत्रपिंडाचा तुकडा अम्लांत विरघळवीत. त्यानें ‘किती’ हें कळे. ‘कोठें’ हें कळत नसे. जिल्ह्याच्या सरासरी पावसावरून घाटमाथा कोठें भिजला व कोणतें गांव कोरडें राहिलें हें कळत नाहीं, तसाच हा प्रकार.

या प्रश्नाचें उत्तर भूगर्भशास्त्राच्या वाटेनें आलें. १९८५ सालीं इंग्लंडांतील ॲलन ग्रे यांनीं खडकाच्या नमुन्यावर लेसर किरण रोखून, उडालेल्या कणांचें पृथक्करण करण्याची पद्धति प्रसिद्ध केली. तीच पुढें शरीराच्या ऊतींस लावण्यांत आली. मूत्रपिंडाचा पातळ काप घेऊन किरण त्यावरून ओळीओळीनें फिरवितात. उडालेली धूळ वायूबरोबर कित्येक हजार अंश तप्त अशा आर्गॉनच्या ज्योतींत जाते. तेथें अणूंचे विद्युद्भारित कण होतात व त्यांची वजनावरून निवड होते. प्रत्येक बिंदूस प्रमाणानुसार रंग दिला, कीं नकाशा तयार होतो. शरीरांत मुळांत प्लॅटिनम जवळजवळ नसतेंच. म्हणून दिसतो तो सारा औषधाचाच, हा नकाशा काढणाराचा मोठा लाभ.

२०११ सालीं माद्रिदच्या संशोधकांनीं औषध दिलेल्या पांढऱ्या उंदरांच्या मूत्रपिंडांचे असे नकाशे प्रसिद्ध केले व प्लॅटिनमबरोबर तांबें व जस्त यांचीहि मांडणी पाहिली. धातु सर्वत्र सारखा पसरलेला नव्हता. बाहेरील साल आणि सालीची गाभ्याशीं होणारी सीमा, येथें तो दाटला होता. त्या सीमेलगतच्या नलिका मुळांतच अल्प प्राणवायूवर काम करतात. म्हणून तेथील घाव जड जातो. आतां एखादें रक्षक औषध दिलेल्या व न दिलेल्या उंदरांचे नकाशे शेजारीं ठेवून, त्यानें नेमका कोणता भाग वांचविला, हें पाहतां येतें.

१९८० नंतर कार्बोप्लॅटिन हें मूत्रपिंडांस सौम्य असें भावंड आलें. तथापि कित्येक कर्करोगांत सिस्प्लॅटिनची जागा अद्याप दुसऱ्यानें घेतलेली नाहीं. म्हणून मिठाचें पाणी आजहि द्यावें लागतें. जें पाणी वैद्यांनीं अंदाजानें दिलें, त्यानें किती राखलें व काय राखावयाचें उरलें, हें हा नकाशा सांगूं लागला आहे.