वात, गार पाणी आणि अंगठ्याचं मूळ

बाळंतिणीचं मनगट दुखायला लागलं की घरात आजीचं निदान तयार असतं: गार पाण्यात हात घातलास, वात भरला. त्याला दोन पुरवण्या असतात. आम्ही जात्यावर दळलं, विहिरीचं पाणी शेंदलं, आमची मनगटं कुठे दुखली? आणि दुसरी, अंगावर काढ, दूध तुटलं की आपोआप जाईल.

पूर्वपक्ष दुबळा करून पाडण्यात काही पुरुषार्थ नाही, तेव्हा त्याचं बळ आधी मान्य करू. या दुखण्याचा बाळंतपणाशी संबंध आहे. ते बरेचदा सव्वा महिना उलटल्याच्या सुमारास, म्हणजे बाळंतीण पुन्हा कामाला लागते तेव्हाच डोकं वर काढतं. शेकल्यावर बरं वाटतं. आणि पुष्कळ जणींचं ते काही महिन्यांत जातंही. आजीची ही चारही निरीक्षणं बरोबर आहेत. चुकतो तो त्यांतून काढलेला निष्कर्ष.

मुळात तिथे होतं काय? अंगठा बाहेर नेणाऱ्या आणि वर उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेच्या हाडावरून एका अरुंद आवरणातून जातात. परकराच्या नेफ्यातून नाडी जावी तशा. नेफा आतून जाड झाला की नाडी अडते, ओढली की कळ येते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं. जुनाट दुखण्यात शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेलं हे आवरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर दाहाच्या खुणा फारशा सापडत नाहीत. सापडतो तो जाडावा आणि साचलेलं बुळबुळीत द्रव्य. म्हणून सूज उतरवायच्या गोळ्यांनी चार तास सुसह्य होतात, पण नेफा काही सैल होत नाही.

आता गार पाण्याचा हेतू अन्वय-व्यतिरेकाच्या कसोटीला लावू. जिथे गार पाणी तिथे हे दुखणं, आणि जिथे ते नाही तिथे दुखणंही नाही, असं दिसतं का? ज्या घरी बाळंतिणीला शेकशेगडी आणि कडकडीत पाण्याशिवाय काही शिवू दिलं नाही, तिथेही मनगट धरतं. नातवंडं सांभाळणाऱ्या आजीला होतं, आणि बाळाला खांद्यावर घेऊन रात्र रात्र फिरणाऱ्या बापालाही होतं. त्याचं तर बाळंतपण झालेलं नसतं! या सगळ्यांत समान असतं ते बाळ उचलणं. गर्भारपणातली आणि अंगावर पाजण्याच्या काळातली संप्रेरकं व शरीरात साठणारं पाणी यांचाही आईच्या बाबतीत वाटा असावा असं मानलं जातं, पण वजनाविना नुसत्या गारव्याने हे दुखणं उभं राहत नाही.

मग सव्वा महिन्याचा योग कसा जुळतो? तर त्याच सुमाराला तीन गोष्टी एकदम घडतात. मालीशवाली यायची थांबते, माहेरची माणसं आपापल्या कामाला लागतात, आणि बाळ जन्मापेक्षा दीडेक किलोने जड झालेलं असतं. पहिल्या चाळीस दिवसांत जे दहा हातांनी उचललं, ते आता दोन हातांवर येतं. हात भांड्यांच्या पाण्यात जातो तोही तेव्हाच, आणि नाव पाण्याचं होतं. सव्वा महिना सांभाळायची चाल मोडीत काढा असं इथे म्हणायचं नाही. ती उपयोगी होती, फक्त उष्णतेमुळे नव्हे, तर भार वाटला जात होता म्हणून.

जात्याच्या युक्तिवादाकडे वळू. खुंटा मुठीत धरून दळताना जोर खांद्याचा आणि अख्ख्या हाताचा लागतो. बाळाला काखेत धरून उचलताना मात्र अंगठे वर ताणलेले आणि मनगट करंगळीकडे झुकलेलं असतं. सगळं ओझं नेमकं त्या दोन कंडरांवर. शिवाय जुन्या काळातही हे दुखणं होतंच. ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’च्या १८९३ च्या आवृत्तीत ते धोबिणींचं मनगट लचकणं म्हणून आलं आहे. यावर कोणी म्हणेल, बघा, धोबिणी म्हणजे पुन्हा पाणीच! पण धोबीण कपडे नुसते भिजवत नाही, पिळते. ओला दुपटा पिळून बघा, मनगट कुठे वळतं ते कळेल. आपल्या आज्यांचं दुखलं नाही असं नाही. त्यांचं दुखणं विचारायची पद्धत नव्हती.

‘अंगावर काढ’चा डॉक्टरांच्या तोंडचा सुशिक्षित भाऊ म्हणजे ‘हाताला विश्रांती द्या’. तीन महिन्यांचं मूल असलेल्या घरात हा सल्ला निरर्थक आहे. उचलणं थांबत नसतं, उचलण्याची रीत बदलता येते. तळवे आभाळाकडे करून एक हात ढुंगणाखाली, दुसरा पाठ-मानेखाली सरकवायचा, बाळ आधी छातीशी आणायचं, मग उठायचं. वजन कोपरापर्यंतच्या हातावर घ्यायचं, अंगठा बोटांना चिकटलेला. पाजताना बाळाचं डोकं पंजावर तोलू नये. मांडीवर गोधडीची जाड घडी घेतली की मनगट सरळ राहतं.

पट्ट्याबद्दल तर फारच अज्ञान आहे. औषधाच्या दुकानात मिळणारा साधा मनगटपट्टा अंगठा मोकळा सोडतो, म्हणजे जे बांधायचं तेच सुटं राहतं. अंगठ्यासकट धरणारा पट्टा हवा. निदानही सोपं आहे: अंगठा मुठीत घेऊन मनगट हलकेच करंगळीकडे झुकवायचं, आणि दुसऱ्या हाताशी ताडून पाहायचं, कारण निरोगी मनगटही थोडं ताणतंच. (ही चाचणी फिंकेलस्टाइन यांच्या नावाने सांगतात, पण प्रत्यक्षात करतात ती आइखहॉफ यांची.) रात्री बोटांना मुंग्या येऊन बधिरपणा वाटत असेल तर ते दुखणं वेगळं, तिथे मनगटातली नस दबलेली असू शकते.

पट्ट्याने भागलं नाही तर आवरणात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन बहुतेकांना आराम देतं. ‘दूध पाजतेयस, सुई नको’ ही भीती अवाजवी आहे. दुधात उतरणारं प्रमाण नगण्य असतं, दूध तात्पुरतं कमी झाल्याची उदाहरणं विरळ. मधुमेह असेल तर साखर काही दिवस वाढते, आणि सावळ्या कातडीवर फिकट डाग उमटू शकतो, हे आधी सांगितलं गेलं पाहिजे. काही जणांच्या मनगटात त्या आवरणाला आतून पडदा असतो, दोन कप्पे होतात. सुई एकाच कप्प्यात गेली की गुण येत नाही. अशांसाठी जागा बधिर करून, आवरण उभं कापून मोकळं करायची शस्त्रक्रिया आहे, आणि संध्याकाळी घरी जाता येतं.

राहिलं ‘दूध तुटलं की जाईल’. जाईलही. पण पाजणं वर्ष-दीड वर्ष चालतं आणि तोवर बाळ दहा किलोंच्या आसपास पोचतं. तेवढ्या काळात आजीने तेलाची वाटी बाजूला ठेवून पट्टा आणवावा, आणि रात्री दोनला रडणारं मूल पाळण्यातून काढून आईच्या मांडीवर देण्याचं काम बापाने आपल्याकडे घ्यावं, तळवे वर करून.