दर्यावर्दी लोकांचे संघ : कुडीपासून कायद्यापर्यंत

आमच्या परभणी जिल्ह्यास समुद्रकिनारा नाहीं. गोदावरी गंगाखेडावरून वाहते खरी. पण तीहि मुंबईच्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस बंगालच्या उपसागराकडे जाते. असें असतां महोत्सवाच्या या स्मरणिकेंत खलाशांच्या संघांचा इतिहास कशासाठीं, असा प्रश्न वाचकांच्या मनांत सहज उद्भवेल. त्याचें उत्तर आरंभींच देतों. निजामी अमदानींत मनमाडकडे आगगाडी सुरू होऊन आमच्या काळ्या जमिनींतील कापसास मुंबईची वाट मोकळी झाली, तेव्हांपासून आमच्या शेतकऱ्याच्या संसाराची एक दोरी जहाजाच्या डोलकाठीस बांधली गेली आहे. दुसरें असें कीं, अलीकडे आमच्याकडील तरुणहि जहाजावरील नोकरीची आस धरूं लागले आहेत, आणि त्या आशेच्या वाटेवर दलाल उभा आहे. हा दलाल नवा नाहीं. त्याच्याशीं झगडतांच खलाशांचे संघ जन्मास आले. तो झगडा कसा झाला हें ठाऊक असणें म्हणूनच आम्हांस अगत्याचें वाटतें.

एकोणिसाव्या शतकांत आगबोटींचा व्यवहार वाढला, तसे मुंबई बंदरांतून हजारों लोक विलायती जहाजांवर चाकरीस जाऊं लागले. त्यांत कामाची वांटणी बहुधा प्रांताप्रांतानें होई. डेकवर रत्नागिरीकडील कोंकणी मुसलमान व खारवी, यंत्रघरांत पंजाब-सरहद्दीकडील लोक, आणि उतारूंच्या सेवेस व स्वयंपाकघरांत गोमंतकीय ख्रिस्ती. डेकवरील टोळीचा मुख्य सारंग, त्याच्या हाताखालीं तांडेल. खलाशांचें जेवण रांधणारा तो भंडारी. युरोपियन खलाशास जो पगार मिळे, त्याचा लहानसा अंशच या लोकांच्या हातीं पडे.

गोमंतकीय खलाशी एक फेरी आटोपून मुंबईस उतरला कीं दुसरें जहाज मिळेपर्यंत महिनेच्या महिने त्यास शहरांत काढावे लागत. त्या काळांत डोक्यावर छप्पर हवें, पेटी ठेवण्यास जागा हवी, आजारपणांत विचारपूस करणारें कोणी हवें. या गरजेंतून 'कूड' निघाली. कूड म्हणजे कोंकणी भाषेंत खोली. एका गांवच्या लोकांनीं मिळून धोबीतलाव, डाबूळ, माझगांव अशा भागांत जागा भाड्यानें घ्यावी, दरमहा थोडीशी वर्गणी द्यावी, आणि भिंतीशीं गांवच्या पालक संताची वेदी मांडून सायंकाळीं एकत्र 'तेर्स' म्हणजे रोझरीची प्रार्थना म्हणावी, असा तेथील क्रम असे. नोकरीवर असलेल्यानें बेकार भावास सांभाळून घ्यावें, हा अलिखित नियम. युनियन हा शब्द कानावर पडण्यापूर्वींच या लोकांनीं वर्गणी, सभासदत्व, शिस्त व परस्परसाह्य यांचे धडे कुडींत गिरविले होते. धोबीतलावावरील जेर महाल या जुन्या इमारतींत अशा कुडी आजपावेतों टिकून राहिल्या आहेत.

तथापि कुडीनें छप्पर दिलें, चाकरी दिली नाहीं. चाकरी देणें परवानेदार दलाल, सारंग व बटलर यांच्या मुठींत होतें. जहाजावर माणसें घ्यावयाचीं तीं याच लोकांमार्फत. म्हणून नांव लागावें यासाठीं खलाशानें आधीं त्यांचा हात ओला करावयाचा. त्यासाठीं सावकाराचें कर्ज, आणि पुढील पगार त्या कर्जाच्या व्याजांत! माणसें पुष्कळ व जागा थोड्या, यावरच या साऱ्या अनाचाराचें पोषण होई. एकट्यादुकट्या खलाशानें तक्रार केली, तर त्याचें नांव यादींतून कायमचें गळावयाचें.

म्हणून संघाची गरज. १८९६ या वर्षीं मुंबईंत गोमंतकीय खलाशांचें मंडळ स्थापन झालें. आजची नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया ही संस्था आपली परंपरा त्याच वर्षापर्यंत नेते. योगायोग असा कीं, त्याच १८९६ सालीं लंडनमध्यें खलाशी व गोदी कामगार यांचा जो आंतरराष्ट्रीय संघ निघाला, तोच पुढें वाहतूक कामगारांचा जागतिक महासंघ झाला. लंडनचा खलाशी व मुंबईचा खलाशी एकमेकांस ओळखत नव्हते; पण दोघांच्याहि ध्यानीं एकच गोष्ट आली होती. जहाज एका देशाचें, माल दुसऱ्याचा व माणसें तिसऱ्याचीं असतात. तेव्हां एका बंदरापुरता संघ पुरा पडत नाहीं.

मालकवर्गानेंहि एकीचें महत्त्व ओळखलें होतें. किंबहुना त्यानें तें अगोदर ओळखलें, असेंच म्हटलें पाहिजे. १८७५ सालीं कलकत्त्याच्या व्यापारांतील आगबोट कंपन्यांनीं आपसांत करार करून भाड्याचे दर बांधून घेतले. पुढें त्यांनीं अशी युक्ति काढली कीं, जो व्यापारी ठरीव मुदतीपर्यंत आमच्याच जहाजांनीं माल पाठवील त्यासच भाड्यांतील कांहीं सूट मागाहून परत मिळेल. नव्या कंपनीकडे वळणाऱ्याची सूट अर्थातच बुडे. जमशेटजी टाटा यांनीं १८९३ मध्यें जपानकडील व्यापारासाठीं आपली जहाजें सुरू केलीं, तेव्हां प्रतिस्पर्धी कंपनीनें भाडें इतकें खालीं आणलें कीं टाटांस तो उद्योग लौकरच आवरता घ्यावा लागला. १९१९ मध्यें वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदि मंडळींनीं सिंदिया कंपनी काढली, व त्याच वर्षीं ५ एप्रिल रोजीं 'लॉयल्टी' हें तिचें जहाज मुंबईहून लंडनकडे निघालें. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पुढें १९२९ सालीं देशी जहाजमालकांनींहि आपली संस्था स्थापिली. कापूस पिकविणाऱ्या प्रांतांतील लोकांनीं हा इतिहास विशेष लक्षांत ठेवावा. कारण समुद्रावर भाडें कोण ठरवितो, यावर खळ्यावरील मालाचा भावहि कांहीं अंशीं अवलंबून असतो.

आतां पुनः खलाशांकडे वळूं. १९२० सालीं जिनोआ येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचें सागरी अधिवेशन भरलें, व खलाशास नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष फी घेऊं नये, असा करार तेथें संमत झाला. हिंदुस्थानांत १९२२ मध्यें सरकारी समितीनें भरतीच्या पद्धतीची चौकशी करून ती दलालांच्या हातून काढावी असें सुचविलें. १९३१ मध्यें मजूरविषयक शाही कमिशनाच्या अहवालानेंहि या लांचलुचपतीची दखल घेतली. पण अहवाल कपाटांत आणि दलाल धक्क्यावर, अशीच स्थिति पुष्कळ वर्षें राहिली. या कामीं भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई यांनीं मुंबईंत खलाशांची बाजू निष्ठेनें मांडली; १९४० सालीं प्रसिद्ध झालेला हिंदी सागरी मजुरांविषयींचा त्यांचा ग्रंथ अभ्यासकांस आजहि मार्गदर्शक आहे. मुंबई बंदरांत १९२७ पासून 'डफरिन' या शिक्षण-जहाजावर हिंदी अधिकारी तयार होऊं लागले होते. १९३९ मध्यें अधिकाऱ्यांचाहि स्वतंत्र संघ, मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया, उभा राहिला.

त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. ज्या समुद्रांत सुरुंग व पाणबुड्या पसरल्या होत्या, तेथें तुटपुंज्या पगारावर जाण्यास ब्रिटिश व इतर बंदरांतील हिंदी खलाशांनीं नकार दिला. कित्येकांस तुरुंगवास घडला. पण अखेर पगार वाढवून द्यावे लागले. मग तेच लोक कामावर चढले, आणि त्यांतील सहा हजारांहून अधिक परत आले नाहींत. मुंबईस मस्जिद बंदरावरील खलाशांच्या आश्रयगृहांत दोन्ही महायुद्धांतील मृतांचें स्मारक आहे. दर्यावर ज्यांस थडगें नाहीं, त्यांस तेथें निदान नांव आहे.

या कार्यांत ख्रिस्तसभेचाहि एक वांटा आहे, त्याचा उल्लेख येथें अप्रस्तुत होणार नाहीं. १९२० सालीं ४ ऑक्टोबर रोजीं ग्लासगो शहरांत कांहीं प्रापंचिक व धर्मगुरु यांनीं मिळून 'समुद्रावरील प्रेषितकार्य' आरंभिलें, व १९२२ मध्यें पोप अकरावे पायस यांनीं त्यास मान्यता दिली. 'स्टेला मारिस' म्हणजे सागराची तारका, या नांवानें तें आज अनेक बंदरांत चालतें. बोटीवर जाऊन खलाशास भेटणें, घरीं निरोप पोंचविणें, पगार थकला असल्यास योग्य जागीं दाद मागण्यास साह्य करणें, हीं त्यांचीं कामें. तेथें कोणाचा धर्म विचारला जात नाहीं. कुडींतील वेदीसमोर जो बंधुभाव उत्पन्न झाला, त्याचेंच हें विस्तृत रूप होय.

स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या जहाजवाहतुकीच्या कायद्यानें भरतीच्या सरकारी कचेऱ्यांस आधार दिला. पुढें जगभर जहाजें सोयीच्या परक्या निशाणाखालीं फिरूं लागलीं, मालक एका देशांत व निशाण दुसऱ्या देशाचें अशी स्थिति झाली, आणि भरती पुनः खासगी हातांत गेली. म्हणून २००६ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें खलाशांच्या हक्कांचा एक सर्वंकष करार केला. तो २०१३ मध्यें अमलांत आला व भारतानें २०१५ मध्यें त्यास संमति दिली. त्यांतील एक कलम आमच्या मतें प्रत्येक गांवच्या चावडीवर लावण्याजोगें आहे. नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेतां येत नाहीं. वैद्यकीय दाखला, खलाशाचें ओळखपुस्तक व पासपोर्ट एवढाच खर्च त्याचा. व्हिसाचा खर्चहि जहाजमालकाचा.

असें असूनहि आमच्यासारख्या किनाऱ्यापासून दूरच्या मुलखांत काय घडतें? बापानें बैलजोडी विकावी, आईनें अंगावरचें सोनें गहाण टाकावें, आणि कोण्या अनोळखी दलालाच्या हातीं लाखों रुपये द्यावे. मग मुलगा एक तर घरींच बसतो, नाहीं तर परक्या बंदरांत पगाराविना अडकून पडतो. गोमंतकीय खलाशास निदान कूड होती. आमच्या मुलास विचारावयास जागा नाहीं. म्हणून आमची पालकांस व तरुणांस हात जोडून विनंति आहे : भरती करणाऱ्या संस्थेस जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना आहे किंवा नाहीं तें आधीं पाहावें, जो नोकरीसाठीं पैसा मागतो, तो कायदा मोडतो हें ओळखावें, करारपत्र वाचल्याविना सही करूं नये, आणि नोकरी लागतांच खलाशांच्या संघाचें सभासद व्हावें.

कुडीच्या भिंतीशीं पेट्या रचून ठेवणाऱ्या त्या माणसांपाशीं विद्या थोडी व पैसा त्याहून थोडा होता. पण एकट्याचा आवाज धक्क्याच्या गलबल्यांत बुडतो, हें त्यांस कळलें होतें. तें आमच्या मुलांसहि कळो, आणि जे जातील ते सुखरूप घरीं परतोत, हीच या मंगल प्रसंगीं आमची प्रार्थना.