संशोधन अधिछात्रवृत्ती (शासकीय)

विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या किंवा ती नुकतीच मिळवलेल्या तरुणाला सरकारकडून ठरावीक मुदतीसाठी मिळणारी दरमहा रक्कम. बोलण्यात ‘फेलोशिप’. सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे सीएसआयआर-यूजीसी ‘नेट’ परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, अर्थात जेआरएफ. पहिली दोन वर्षे कनिष्ठ, मग कामाचा आढावा घेऊन वरिष्ठ, अशी ती जास्तीत जास्त पाच वर्षे चालते.

जेआरएफची रक्कम २०१० मध्ये १६,०००, २०१४ मध्ये २५,०००, २०१९ पासून ३१,००० आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये झाली. तिच्यावर महागाई भत्ता नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. किराणा, खानावळ, औषधपाणी दरवर्षी महागते; फेलोशिप मात्र पुढचा आदेश निघेपर्यंत जागची हलत नाही. २०१९ची वाढही देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांनी आंदोलन लावून धरले तेव्हा पदरात पडली.

घरभाडे भत्ता तेवढा केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या दराने मिळतो, तोही वसतिगृहात खोली नसेल तरच. उदाहरणार्थ, छत्तीसगडमधील भिलाईच्या कोहका भागात खोली घेऊन राहणाऱ्या संशोधकाचा २०२३ मधला हिशोब असा: या भत्त्यासाठी केलेल्या शहरांच्या वर्गवारीत दुर्ग-भिलाईनगर ‘वाय’ वर्गात मोडते, म्हणून तेव्हा भत्ता १८ टक्के, म्हणजे ६,६६० रुपये होता. मुंबई-पुण्यात तो २७ टक्के, ९,९९० रुपये होता. नागपूरही ‘वाय’च.

दुर्ग जिल्ह्यातच कुटेलाभाटा येथे आयआयटी भिलाई आहे. २०१६ मध्ये रायपुरात सुरू झालेल्या या संस्थेच्या कायम परिसराचे लोकार्पण २० फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. कोहका-कुरूद रस्त्यावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथे शिकवणाऱ्यांच्या हाताशी मोठी उपकरणे क्वचितच असतात. अशांसाठी ‘टेअर’ ही योजना फार मोलाची आहे: शिक्षक आपली नोकरी न सोडता तीन वर्षे आयआयटीसारख्या जवळच्या मोठ्या संस्थेत संशोधन करतो, आणि अनुदान दोन्ही संस्थांत विभागले जाते. ती केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने, म्हणजे ‘सर्ब’ने सुरू केली; २०२३च्या कायद्याने ‘सर्ब’ची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली.

पीएच.डी.नंतर इन्स्पायर फॅकल्टी आणि परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामानुजन फेलोशिप या पाच वर्षांच्या योजना आहेत. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी २०१८च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती मात्र ७०,००० रुपयांपासून सुरू होते. एकाच प्रयोगशाळेत, एकाच बाकावर काम करणाऱ्या दोघांत, एकाला जेआरएफ आणि दुसऱ्याला ही, एवढी तफावत असणे योग्य नाही.

महाराष्ट्रात राज्य शासनाच्या बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थाही अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या संशोधकांची जुनी मागणी रास्त आहे: रक्कम पीएच.डी.च्या नोंदणी दिनांकापासून मिळावी. काम त्याच दिवशी सुरू होते. निवड, कागदपत्र-पडताळणी, मार्गदर्शकाची सही, हजेरीचा दाखला, निधीची मंजुरी यांत जे महिने जातात, तेवढे घरच्यांच्या खिशातून किंवा उसनवारीवर काढावे लागतात. ज्यांच्या घरी तो खिसाच नाही, ते संशोधन सोडून नोकरी धरतात.