हिरवी गंगा, गुलाबी लोणार : पाण्याचा रंग काय सांगतो आणि काय लपवतो

२०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस वाराणसीच्या घाटांवर गंगेचे पाणी हिरवे दिसू लागले. मणिकर्णिका घाट मराठी वाचकाला परका नाही. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला आणि झाशीच्या राणीचे माहेरचे नाव याच घाटावरून आले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तेथील चिता रात्रंदिवस जळत होत्या. प्रवाहाच्या पुढच्या टप्प्यात, गाझीपूर आणि बक्सर येथे, नदीत प्रेते तरंगताना आढळली होती. अशा दिवसांत नदीने रंग बदलला, तर माणसे धास्तावणारच.

जिल्हा प्रशासनाने चौकशी समिती नेमली. विंध्याचल येथील जुन्या पद्धतीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून शेवाळ वाहत आले, असा तिचा निष्कर्ष होता. कारणे पाठ्यपुस्तकातली होती. सांडपाण्यातून आणि शेतांतून येणारा नायट्रोजन व फॉस्फरस हे शेवाळाचे खाद्य. त्यात कडक ऊन आणि उन्हाळ्यात संथ झालेला प्रवाह. या तिन्ही गोष्टी जुळल्या की एरवी नजरेस न येणारे सूक्ष्मजीव अफाट वाढतात.

त्याआधी सुमारे एक वर्ष, जून २०२० मध्ये, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा उलगडा झाला. पाण्याची पातळी घटून क्षारता वाढली होती आणि त्या खारटपणात हॅलोआर्किया नावाचे क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले होते. गुलाबी रंगद्रव्य त्यांच्या शरीरात होते. ते तळाशी बसले की वरचे पाणी पुन्हा नितळ. रंग पाण्याचा नव्हताच, पाण्यातील रहिवाशांचा होता.

आता तिसरे उदाहरण. २८ मे २०२३ रोजी व्हेनिसच्या मुख्य कालव्यात, रिआल्तो पुलाजवळ, पाणी झगझगीत हिरवे झाले. तपासणीत फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य आढळले. वाराणसीचे पाणीही हिरवे, व्हेनिसचेही हिरवे. पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे दोन अगदी वेगळे हिरवे आहेत.

शेवाळातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील निळा आणि तांबडा भाग शोषून घेते. उरलेला हिरवा प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. हा वजाबाकीचा रंग. फ्लुओरेसीनचा रेणू मात्र सुमारे ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषतो, त्यातील थोडी ऊर्जा गमावतो आणि सुमारे ५१५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश स्वतः बाहेर टाकतो. म्हणून ते पाणी नुसते रंगीत दिसत नाही, उजळलेले दिसते. या गुणधर्माला आपण प्रतिदीप्ती म्हणतो.

प्रतिदीप्तीचा शोध एका औषधातून लागला. १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी क्विनाइनच्या रंगहीन द्रावणाच्या पृष्ठभागावर निळी झळाळी पाहिली. १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी लोलकाने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि त्यात हे द्रावण जांभळ्या टोकाच्याही पलीकडे सरकवत नेले. जेथे डोळ्यांना निव्वळ अंधार होता, तेथे ते निळे उजळले. अदृश्य प्रकाश आत जातो आणि अधिक तरंगलांबीचा दृश्य प्रकाश बाहेर येतो, हा नियम त्यांनी मांडला. पुढे १८७१ मध्ये आडोल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसीन तयार केले. त्याचा एक भाग कोट्यवधी भाग पाण्यात मिसळला, तरी ओळखू येतो.

या गुणाचा पहिला मोठा उपयोग झाला तो एका भांडणात. जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूब नदीचे पाणी पात्रातील चुनखडीच्या भेगांत आणि विवरांत नाहीसे होते. सुमारे १२ किलोमीटरवर आख नदीचा प्रचंड झरा उसळतो. डॅन्यूबकाठच्या उद्योजकांना त्या भेगा बुजवायच्या होत्या. पाणी आपल्याकडेच येत असेल, तर भेगा बुजणे म्हणजे आपल्या गिरण्या बंद पडणे, ही आखकाठच्या मालकांची भीती. ऑक्टोबर १८७७ मध्ये भूवैज्ञानिक आडोल्फ क्नोप यांनी त्या भेगांत १० किलो फ्लुओरेसीन ओतले. सोबत २० टन मीठ आणि १२०० किलो शेल तेलही. सुमारे ६० तासांनी आखचा झरा तेजस्वी हिरवा झाला. काळ्या समुद्राकडे निघालेले पाणी जमिनीखालून ऱ्हाईनच्या खोऱ्यात शिरून उत्तर समुद्राकडे जात होते. भांडण मात्र मिटले नाही. हा पाण्याचा वाद १९२७ मध्ये जर्मनीच्या राज्य न्यायालयापर्यंत पोहोचला. पण पाणी कोठून कोठे जाते, याविषयी कोणाला शंका उरली नव्हती.

पाण्याचा असा भूमिगत प्रवास वाराणसीच्या पोटातही चालतो, फक्त तेथील वाटा माणसांनी खणलेल्या आहेत. येथे १८२० ते १८३० या काळात टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांनी मच्छोदरी तलावाचे साचलेले पाणी काढून देणारा भूमिगत बोगदा बांधवला. हेच प्रिन्सेप पुढे ब्राह्मी लिपी वाचणारे म्हणून विख्यात झाले. त्याहून जुना समजला जाणारा शाही नालाही शहराखालून वाहतो. अशा जुन्या वाहिन्यांना गळती लागली की भोवतालची माती पाण्याबरोबर निघून जाते, पोकळी तयार होते आणि एके दिवशी वरचा रस्ता खचतो. गळती कोठे आहे हे शोधायला अभियंते आजही क्नोप यांचाच मार्ग धरतात : एका टोकाला रंग ओतायचा आणि तो कोठे उगवतो ते पाहायचे. रस्त्यातील खड्ड्यात कधी चमकते हिरवे पाणी दिसले, तर त्यामागे अशी चाचणी असू शकते. चाचणीसाठी लागते तेवढ्या मात्रेत हे रंगद्रव्य सहसा निरुपद्रवी असते.

मग घातक काय असते? वीरभद्र मिश्र हे संकटमोचन मंदिराचे महंत आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक. ते रोज तुलसी घाटावर स्नान करीत. १९८२ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या संकटमोचन फाउंडेशनची प्रयोगशाळा त्याच नदीतील विष्ठाजन्य जीवाणू मोजत आली आहे. स्नानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे असे जीवाणू २५०० पेक्षा अधिक नसावेत, अशी आपली कमाल मर्यादा आहे. ती ओलांडली गेली, तरी ओंजळीतले पाणी रंग बदलत नाही. १९८६ मध्ये गंगा कृती योजनेचा प्रारंभ वाराणसीतच झाला, आणि त्यानंतरही शहराला भेडसावणारा मुख्य धोका असाच बिनरंगाचा राहिला.

येथे स्टोक्स यांचा प्रयोग पुन्हा उपयोगी पडतो. सांडपाण्यात ट्रिप्टोफान या अमिनो आम्लाचे प्रमाण अधिक असते. त्यावर सुमारे २८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकला की ते सुमारे ३५० नॅनोमीटरवर प्रकाश उत्सर्जित करते. हा प्रकाशही अतिनीलच. आपला डोळा तो पाहू शकत नाही, संवेदक मात्र काही क्षणांत मोजतो. हे जीवाणूंच्या तपासणीला पर्याय नाही, पण इशारा लवकर मिळतो. म्हणजे मळलेले पाणी खरोखरच चमकत असते, आपल्याला दिसते त्या रंगांच्या पलीकडे.

रंगीत पाण्याचा पुढचा व्हिडिओ तुमच्यापर्यंत आला, की तीन प्रश्न विचारा. हा रंग शोषणाचा की उत्सर्जनाचा? तो विरघळलेला आहे की जिवंत? आणि पाणी येथे कोठून आले? वाराणसीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विंध्याचलच्या सांडपाणी केंद्रापर्यंत घेऊन गेले. हिरवा रंग दिसला म्हणून समिती नेमली गेली. पाणी नेहमीच्या रंगाचे असते, त्या दिवसांतही हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत.