क्षितिजापलीकडची माणसे

दूरच्या माणसाविषयी कल्पना बहुधा दोनच वाटांनी धावते: तो देवाचा लाडका, नाही तर अर्धा पशू. प्राचीन ग्रीकांनी आफ्रिकेस दोन्ही वाटांनी पाहिले. होमरच्या 'इलियड'मध्ये देवाधिदेव झ्यूस इतर देवांसह निर्दोष इथिओपियनांकडे मेजवानीस जातो, तो बाराव्या दिवशी परततो. 'ओडिसी'त हेच लोक जगाच्या दोन टोकांस, सूर्योदयाकडे व सूर्यास्ताकडे, विभागलेले आहेत. इ. स. पूर्व पाचव्या शतकातील हिरोडोटसने मात्र लिबियाच्या पश्चिमेस श्वानमुखी व छातीवर डोळे असलेली माणसे नोंदविली. अर्थात तेथील लोकांच्या सांगण्यावरून.

हिंदुस्थानही या कल्पनेतून सुटला नाही. सिंधूत सुसरी पाहून अलेक्झांडरास आपण नाईलच्या उगमाशी आलो असे वाटले. मेगॅस्थेनीसने तर पायांपर्यंत लोंबणाऱ्या कानांच्या माणसांची हकीकत ऐकून लिहिली.

परंतु ग्रीकांस हसण्यापूर्वी आपले घर पाहावे. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयात पांड्य व द्रविड यांच्याबरोबरच एकपाद, पुरुषाद आणि कान पांघरणारे कर्णप्रावरण येतात. ज्या दक्षिणेत हे विचित्र लोक कल्पिले, तेथेच, कावेरीकाठच्या कुंभकोणम् येथे आम्ही आज बसलो आहो!

व्यापाराने भ्रम फिटतो, असे म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. दुसऱ्या शतकात टॉलेमीने कावेरीकडील खाबेरिस बंदर नोंदविले. पण त्यापूर्वीच्या प्लिनीने रोमचे सोने हिंदुस्थानात वाहून जाते म्हणून तक्रार केली आणि त्याच ग्रंथात ते विचित्र लोकही जसेच्या तसे ठेवले. मालाची ओळख झाली, माणसांची राहिली.

ती ओळख होते सहवासाने. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तंजावरास आलेली मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिली, तमिळ बोलली. 1828 मध्ये येथेच जन्मलेले मराठी घराण्यातील टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झाले. त्यांस दक्षिण हा क्षितिजापलीकडचा देश नव्हता.

आम्ही नोकरदार मात्र बदलीचे दिवस मोजीत राहतो. घरच्या पत्रांत आंबट सांबार, न समजणारी बोली आणि उन्हाळा एवढेच लिहितो; मग तिकडे कोणी नवे कर्णप्रावरण घडविले, तर दोष ऐकणाऱ्याचा की लिहिणाऱ्याचा? शेजाऱ्याचे नाव आणि त्याच्या घरची एक गोष्ट पत्रात गेली, तरी सहदेवाच्या यादीतील एक नाव कमी होईल.